जाळीपलीकडचं मैदान: कॅन्सस सिटी ते अटलांटा

मंगळवार, कॅन्सस सिटी

अठरावा रस्ता आणि व्हाइन यांच्या कोपऱ्यावर 'नीग्रो लीग्ज बेसबॉल म्युझियम' आहे, गोऱ्यांच्या संघांत घेत नसत तेव्हा काळे खेळाडू ज्या लीगमध्ये खेळले त्यांचं संग्रहालय. तिकीट काढून आत गेलं की मैदान लगेच समोर दिसतं, पण तिथं जाता येत नाही. मध्ये कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली तारेची जाळी आहे. जाळीपलीकडे बेसबॉलचं मैदान मांडलंय आणि त्यावर ब्राँझचे दहा खेळाडू आपापल्या जागी उभे आहेत. चेंडू टाकायला सॅचेल पेज, फलंदाजामागं कॅचर म्हणून जॉश गिब्सन, डाव्या आउटफिल्डला, म्हणजे सीमेकडच्या भागात, कूल पापा बेल, बॅट घेऊन क्यूबाचा मार्टिन दिहिगो. अलीकडे, आपल्याच बाजूला, या लीगमधले जुने खेळाडू आणि व्यवस्थापक बक ओ'नील यांचा पुतळा जाळीतून मैदानाकडे बघतोय. दक्षिणेतल्या मैदानांवर काळ्या प्रेक्षकांना अशाच जाळीआड बसवत. संग्रहालयातला सगळा इतिहास बघत वळसा घालायचा, शेवटच्या दालनातून बाहेर पडायचं, मगच त्या मैदानावर पाऊल ठेवता येतं.

बाबा जाळीला हात लावून बराच वेळ उभे होते. ते पुण्यात क्लब क्रिकेट खेळले आणि पुढे कितीतरी वर्षं स्थानिक सामन्यांना पंच म्हणून उभे राहिले. उन्हाळ्यासाठी माझ्याकडे शिकागोला आलेत. त्यांना नायगारा, न्यूयॉर्क असलं काही बघायचं नव्हतं. "तुझ्या या बेसबॉलचं मूळ दाखव," एवढंच म्हणाले होते. या खेळाचं जे मूळ मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते गोऱ्या-काळ्यांच्या एकत्र खेळण्याचं. म्हणून ही सहल कॅन्सस सिटीपासून दक्षिणेकडे, गाडीनं.

अमेरिकेतलं व्यावसायिक बेसबॉल सुरुवातीपासून केवळ गोऱ्यांचं नव्हतं. १८८४ साली टोलेडोच्या संघाकडून मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय कॅचर मेजर लीगमध्ये, म्हणजे देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये, खेळला होता. पण शिकागोचा तेव्हाचा सर्वांत मोठा खेळाडू कॅप अॅन्सन काळ्या खेळाडूंसमोर उतरायला नकार देऊ लागला, १८८७ मध्ये इंटरनॅशनल लीगच्या मालकांनी नव्या काळ्या खेळाडूंशी करार करायचे नाहीत असं ठरवलं आणि शतक संपेपर्यंत दारं बंद झाली. मेजर लीगच्या नियमपुस्तकात याबद्दल एक ओळसुद्धा नव्हती. सगळ्या मालकांनी मनोमन मान्य केलेली ती गोष्ट होती आणि ती साठ वर्षं टिकली. बाबा म्हणाले, "लिहिलेला नियम असला तर बदला म्हणून भांडता तरी येतं. हे कुणाशी भांडणार?"

दुपारी आम्ही संग्रहालयापासून जवळच पॅसिओ वायएमसीएच्या जुन्या विटकरी इमारतीपाशी गेलो. १३ फेब्रुवारी १९२० रोजी इथंच रूब फॉस्टरनं पश्चिमेकडच्या काळ्या संघांच्या मालकांना एकत्र बसवलं आणि 'नीग्रो नॅशनल लीग' स्थापन झाली. फॉस्टर स्वतः जबरदस्त पिचर होता, शिकागोच्या अमेरिकन जायंट्सचा मालक होता, व्यवस्थापक होता. ज्यांना आत घेत नव्हते त्यांनी स्वतःचं घर बांधलं, आणि ते साधंसुधं नव्हतं. कॅन्सस सिटी मोनार्क्सनी १९३० मध्ये ट्रकवर बसवलेले फिरते दिवे आणून रात्रीचे सामने खेळवले. मेजर लीगमध्ये पहिला रात्रीचा सामना झाला तो त्यानंतर पाच वर्षांनी. शिकागोच्या कॉमिस्की पार्कवर काळ्या खेळाडूंचा 'ईस्ट-वेस्ट' सामना व्हायचा, त्याला १९४३ साली पन्नास हजारांवर माणसं आली होती. या लीगभोवती हॉटेलं, खानावळी, शिंपी, न्हावी, वर्तमानपत्रं असा एक आख्खा व्यवहार उभा होता. अठरावा रस्ता आणि व्हाइनचा हा परिसर त्यावरच नांदता होता, जॅझची रात्र आणि बेसबॉलची दुपार.

आणि मग १९४५ साली मोनार्क्सकडे महिना ४०० डॉलरवर एक शॉर्टस्टॉप आला, जॅकी रॉबिन्सन. सैन्यात लेफ्टनंट होता. बसमध्ये मागं जाऊन बसायला नकार दिला म्हणून त्याच्यावर लष्करी खटला चालला होता आणि तो निर्दोष सुटला होता. बक ओ'नील एक किस्सा सांगत. मोनार्क्सची बस ओक्लाहोमातल्या मस्कोगीच्या एका पंपावर नेहमी पेट्रोल भरायची. रॉबिन्सन उतरून शौचालयाकडे निघाला, तर मालकानं अडवलं. रॉबिन्सननं सांगितलं, नळी टाकीतून काढ, आम्ही दुसरीकडे भरू. बसला पन्नास पन्नास गॅलनच्या दोन टाक्या होत्या. एवढं गिऱ्हाईक जातंय म्हटल्यावर मालकानं वाट मोकळी केली. तेव्हापासून संघानं ठरवून टाकलं की जिथं शौचालय वापरू देत नाहीत तिथं पेट्रोल भरायचं नाही.

त्याच वर्षी २८ ऑगस्टला मेजर लीगमधल्या ब्रुकलिन डॉजर्स संघाचा प्रमुख ब्रँच रिकी रॉबिन्सनला भेटला. पुढचं जगाला ठाऊक आहे: १९४६ मध्ये मॉन्ट्रियल, डॉजर्सचा खालचा संघ, आणि १५ एप्रिल १९४७ ला डॉजर्सच्या एबेट्स फील्डवर, ४२ नंबरच्या जर्सीत, मेजर लीगची बंद दारं उघडणारा पहिला काळा खेळाडू. मला या दालनात थांबावंसं वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. रिकीनं मोनार्क्सना रॉबिन्सनबद्दल एक डॉलरही दिला नाही. नीग्रो लीगचे करार तो करार मानायलाच तयार नव्हता. रॉय कॅम्पानेला बाल्टिमोरकडून असाच गेला, डॉन न्यूकम नेवार्क ईगल्सकडून असाच गेला. मालक ओरडले असते तर 'आपल्याच माणसाची वाट अडवतात' असा बोल लागला असता. नेवार्कच्या मालकीणबाई एफा मॅनली मात्र गप्प बसल्या नाहीत. क्लीव्हलँडनं लॅरी डोबीला मागितलं तेव्हा त्यांनी पैसे मागितले आणि १५ हजार डॉलर घेतले. गोरा खेळाडू असता तर याच्या कितीतरी पट द्यावे लागले असते हेही त्यांनी ऐकवलं. नेवार्कच्या सामन्यांना १९४६ मध्ये सुमारे १ लाख २० हजार प्रेक्षक आले होते, १९४७ मध्ये निम्म्याहून कमी. लोक रॉबिन्सनला बघायला ब्रुकलिनला जात होते. जाणारच. मीही गेले असते. पण दार उघडण्याची किंमत दाराबाहेर उभं राहून ज्यांनी तो खेळ जपला त्यांच्याकडून वसूल झाली, आणि दरवर्षी १५ एप्रिलला सगळे खेळाडू ४२ नंबर घालून उतरतात तेव्हा हे कुणी मोठ्यानं बोलत नाही. ही खंत घेऊनच मी इथं आले होते आणि दालनं बघताना ती वाढतच गेली.

शेवटी मैदानावर उतरलो. रॉबिन्सनचा पुतळा त्या दहांत नाही. बाबा पंच उभा राहतो तिथं, गिब्सनच्या मागं जाऊन उभे राहिले. गिब्सन २० जानेवारी १९४७ ला वारला, वय ३५. रॉबिन्सन मैदानात उतरायला तीन महिनेसुद्धा उरले नव्हते. २०२४ मध्ये मेजर लीगनं नीग्रो लीगचे आकडे अधिकृत नोंदींत मिळवले, तेव्हा कारकिर्दीतल्या फलंदाजीच्या सरासरीत तोवर पहिल्या असलेल्या टाय कॉबच्या वर जॉश गिब्सनचं नाव आलं, ०.३७२. बाबांना आकडा सांगितला. ते म्हणाले, "स्कोअरबुकं कुणीतरी जपून ठेवली होती म्हणून हे झालं."

संध्याकाळी ब्रुकलिन अॅव्हेन्यूवर आर्थर ब्रायंट्समध्ये जेवलो. जुनं म्युनिसिपल स्टेडियम इथून चार गल्ल्या पलीकडे होतं, सामना सुटला की लोक इथं येत. बाबांनी फ्राइज आणि पांढऱ्या ब्रेडवर भागवलं. मांसाचा वास कितीही चांगला असला तरी त्यांचा नेम नेम आहे.

बुधवार, सेंट लुईस

इंटरस्टेट ७० वरून अडीचशे मैल. मिझुरीचं सपाट, हिरवं रान. वाटेत बाबांचा प्रश्न: "रॉबिन्सन आला, म्हणजे त्या वर्षी सगळे संघ खुले झाले?" नाही. तेव्हा मेजर लीगमध्ये १६ संघ होते आणि १९४७ च्या अखेरीपर्यंत त्यातल्या फक्त तिघांनी काळा खेळाडू उतरवला होता. ब्रुकलिन, क्लीव्हलँड आणि सेंट लुईस ब्राउन्स.

ब्राउन्सचं स्पोर्ट्समन्स पार्क ग्रँड बुलव्हार्डवर होतं. आता तिथं मुलांचा क्लब आहे आणि खेळायला मैदान आहे. आम्ही गेलो तेव्हा आठ-दहा वर्षांची मुलं फुटबॉल लाथाडत होती. या मैदानावर १९४४ पर्यंत काळ्या प्रेक्षकांना फक्त उजव्या बाजूच्या पॅव्हिलियनमध्ये बसता येत असे. मेजर लीगमध्ये अशी वेगळी बैठक ठेवणारं हे शेवटचं मैदान. आणि तीनच वर्षांनी, जुलै १९४७ मध्ये, ब्राउन्सनी मोनार्क्सकडून हँक थॉम्पसन आणि विलर्ड ब्राउन या दोघांना आणलं. संघ तळाला होता, प्रेक्षक येत नव्हते, ते वाढावेत हा हिशेब. १३ ऑगस्टला ब्राउननं होमरन (एका फटक्यावर सगळ्या बेसची पूर्ण फेरी) मारला, मेजर लीगच्या दोन गटांपैकी अमेरिकन लीगमधला कृष्णवर्णीय खेळाडूचा पहिला. बॅट संघातल्या जेफ हीथची होती. ब्राउन फेरी पूर्ण करून परतला, तेव्हा हीथनं ती बॅट आपटून तोडून टाकली. गर्दी काही वाढली नाही आणि २३ ऑगस्टला दोघांनाही काढून टाकलं. पाच आठवडे. एवढ्यात कुठला खेळाडू रुळतो? ब्राउन पुन्हा मेजर लीगमध्ये खेळला नाही. हॉल ऑफ फेममध्ये, बेसबॉलच्या सन्मान-दालनात, तो गेला २००६ साली, मृत्यूनंतर दहा वर्षांनी. थॉम्पसनला न्यूयॉर्क जायंट्सनी घेतलं आणि तो कसा खेळाडू होता ते तिथं दिसलं.

मी हे त्या कुंपणाशी उभी राहून सांगत होते. बाबांनी विचारलं, "बॅट तोडली तेव्हा मॅनेजर काय म्हणाला?" त्यांच्या आयुष्यभराच्या सवयीनं त्यांना मैदानावर जबाबदार कोण हेच आधी कळायला हवं असतं.

तिथून शहराच्या सिटी हॉलकडे गेलो. फ्रेंच धाटणीची देखणी इमारत. इथं कूल पापा बेलनं झाडलोट आणि रात्रीची राखण केली. बेसबॉलमधला कदाचित सगळ्यात वेगवान धावणारा माणूस. १९५१ मध्ये ब्राउन्सनी त्याला खेळायला बोलावलं, तेव्हा तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. त्यानं नाही म्हटलं. १९७४ साली तो हॉल ऑफ फेममध्ये गेला. बुश स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे, शहराच्या मेजर लीग संघाच्या, कार्डिनल्सच्या, दिग्गजांच्या रांगेत, आणि तो कार्डिनल्सकडून कधी खेळला नव्हता. कार्डिनल्सचा पहिला काळा खेळाडू टॉम अल्स्टन आला तो १९५४ मध्ये. पुतळ्याच्या पायाशी एक बाप आपल्या लेकीचा फोटो काढत होता. त्यांना बघून बरं वाटलं.

गुरुवार, मेम्फिस

मिसिसिपीच्या काठाकाठानं दक्षिणेला. इथं थांबण्याचं कारण मार्टिन स्टेडियम. ते आता नाही, १९६० च्या सुमारास पाडलं. पण नीग्रो लीगमध्ये बहुतेक संघ गोऱ्यांची मैदानं भाड्यानं घेत, तेव्हा मेम्फिस रेड सॉक्सचे मालक मार्टिन बंधू स्वतःच्या मालकीच्या मैदानावर संघ खेळवत होते. डॉक्टर, दंतवैद्य, औषधविक्रेते असे ते भाऊ. त्यातले जे. बी. मार्टिन शहराच्या राजकीय बॉसच्या, ई. एच. क्रम्पच्या, डोळ्यांत खुपले आणि १९४० मध्ये त्यांना गाव सोडून शिकागोला जावं लागलं. तिथून ते नीग्रो अमेरिकन लीगचे अध्यक्ष राहिले. काळ्या माणसांच्या मालकीची जागा, काळे व्यवस्थापक, काळे तिकीटविक्रेते, काळे पंच. मेजर लीगनं त्यातले पंचविशीतले उत्तम खेळाडू उचलले. बाकीचं, म्हणजे जागा, पद, अनुभव, यातलं काहीही उचललं नाही.

पंचांचं नाव निघालं तसे बाबा सरसावून बसले. मेजर लीगमध्ये पहिला काळा पंच कधी आला? १९६६. एमेट अॅशफर्ड. रॉबिन्सननंतर १९ वर्षांनी, आणि त्याआधी अॅशफर्डनं खालच्या लीगमध्ये पंधरा वर्षं काढली होती. बाबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "खेळाडूला आत घेणं सोपं आहे. तो तुमच्यासाठी धावा काढतो. पंचाला घेतलं की त्याचा निर्णय मानावा लागतो."

मार्टिन ल्यूथर किंग यांची जिथं हत्या झाली त्या लोरेन मोटेलला गेल्याशिवाय मेम्फिस सोडता येत नाही. बाल्कनीत खोली क्रमांक ३०६ समोर तो पुष्पचक्राचा गोल. इथं मी बाबांना एवढंच सांगितलं की एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर पिट्सबर्ग पायरेट्सच्या रॉबर्टो क्लेमेंटे आणि इतर खेळाडूंनी, किंग यांच्या अंत्यविधीआधी आपण खेळणार नाही असं सांगितलं, आणि सगळ्या मेजर लीगचा मोसम १० एप्रिलपर्यंत पुढं गेला. वीस वर्षांपूर्वी ज्यांना गप्प राहण्याच्या अटीवर आत घेतलं होतं, त्यांच्या पुढच्या पिढीनं लीग थांबवली.

शुक्रवार, बर्मिंगहॅम

रिकवुड फील्ड १८ ऑगस्ट १९१० रोजी सुरू झालं. अमेरिकेतलं सगळ्यात जुनं व्यावसायिक बेसबॉल मैदान. फाटक उघडं होतं. आत शिरल्यावर हिरव्या रंगाचे लोखंडी खांब, लाकडी खुर्च्या, हातानं आकडे लावायचा स्कोअरबोर्ड. ऊन तिरपं येत होतं. बाबा म्हणाले, "डेक्कन जिमखान्याची आठवण होते," आणि थेट खेळपट्टीकडे, म्हणजे पिचरच्या उंचवट्याकडे, चालू लागले.

हे एकच मैदान दोन संघांचं होतं. गोऱ्यांचे बॅरन्स आणि काळ्यांचे ब्लॅक बॅरन्स. बॅरन्सचा सामना असला की काळ्यांनी उजवीकडच्या उघड्या बाकांवर बसायचं. ब्लॅक बॅरन्सचा असला की तिथं गोरे बसत. १९४८ मध्ये सतरा वर्षांचा विली मेज, पुढं मेजर लीगचा महान खेळाडू झालेला, इथं आउटफिल्डला होता. शाळकरी पोरगा, संघाचा खेळाडू-व्यवस्थापक पायपर डेव्हिसच्या हाताखाली. त्या वर्षी ब्लॅक बॅरन्स नीग्रो लीगच्या शेवटच्या वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे अजिंक्यपदाच्या मालिकेपर्यंत, गेले. डेव्हिसची गोष्ट मला मेजच्या गोष्टीइतकीच महत्त्वाची वाटते. १९५० मध्ये बोस्टन रेड सॉक्सनी करार केलेला तो पहिला काळा खेळाडू. खालच्या संघात तो फलंदाजीत सगळ्यांच्या पुढं होता आणि तरी मे महिन्यात त्याला काढलं, कारण दिलं आर्थिक. याच रेड सॉक्सनी १९४५ मध्ये फेनवे पार्कवर रॉबिन्सनची चाचणी घेऊन नंतर काहीच कळवलं नव्हतं. मेजलाही त्यांनी हातचा घालवला. त्यांचा पहिला काळा खेळाडू, पम्पसी ग्रीन, मैदानात उतरला २१ जुलै १९५९ रोजी. सोळा संघांपैकी सोळावा. रॉबिन्सन तोवर निवृत्त होऊन तीन मोसम होत आले होते.

याच बॅरन्सच्या सामन्यांचं रेडिओवर धावतं वर्णन करणारा एक माणूस होता, यूजीन कॉनर. त्या आवाजानं तो घराघरांत पोचला आणि राजकारणात शिरला. हाच तो बुल कॉनर, ज्यानं मे १९६३ मध्ये केली इन्ग्रम पार्कजवळ हक्कांसाठी मोर्चा काढणाऱ्या शाळकरी मुलांवर कुत्रे आणि पाण्याचे बंब सोडले. बर्मिंगहॅममध्ये काळ्या-गोऱ्यांनी पत्ते, फासे, चेकर्स एकत्र खेळणं कायद्यानं गुन्हा होता, आणि १९५० मध्ये त्या यादीत बेसबॉल स्पष्ट नाव घेऊन घातलं गेलं. १९५४ च्या जानेवारीत नगर आयोगानं ही अट सैल केली. जूनमध्ये मतदारांनी जनमत घेऊन ती पुन्हा लादली. म्हणजे इथं अलिखित काही नव्हतं. लोकांनी मतपेटीत टाकून सांगितलं होतं.

दक्षिणेतली मोठी लीग, सदर्न असोसिएशन, हिनं तर मरण पत्करलं. तिच्या सगळ्या इतिहासात एकच काळा खेळाडू झाला, मेम्फिसचा नॅट पीपल्स. एप्रिल १९५४ मध्ये अटलांटा क्रॅकर्सकडून दोन सामने, दोन्ही अलाबामातल्या मोबिल शहरात, घरच्या मैदानावर संघ परतायच्या आधी. मग त्याला खालच्या लीगमध्ये पाठवलं. काळ्या प्रेक्षकांनी मैदानांकडे पाठ फिरवली, मेजर लीगचे संघ आपले काळे खेळाडू इथं पाठवू शकत नव्हते, आणि १९६१ चा मोसम संपल्यावर लीगच बंद पडली. रिकवुडवर दोन वर्षं व्यावसायिक बेसबॉल झालं नाही. १९६४ मध्ये बॅरन्स परतले ते गोऱ्या-काळ्यांचा एकत्र संघ घेऊन. बर्मिंगहॅममधल्याच काळ्यांच्या चर्चमधल्या बॉम्बस्फोटात चार मुली मेल्या त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

२० जून २०२४ ला इथं मेजर लीगचा सामना झाला, जायंट्स विरुद्ध कार्डिनल्स. विली मेज दोनच दिवस आधी गेले होते. मी तो टीव्हीवर पाहिला होता. मेजर लीगचा जुना तारा रेजी जॅक्सन याला विचारलं, इथं परत येऊन कसं वाटतं, तेव्हा त्यानं गोड काही सांगितलं नाही. १९६७ मध्ये तो इथं खेळायचा. खानावळीत घेत नसत, हॉटेलात घेत नसत, आणि त्याचा मॅनेजर जॉन मॅक्नमारा, 'याला वाढणार नसाल तर आमच्यापैकी कुणीच जेवणार नाही' म्हणून आख्खा संघ बाहेर काढायचा, हे त्यानं सगळ्या देशासमोर सांगितलं. १९६७. रॉबिन्सननंतर वीस वर्षांनी. त्या सामन्याला सगळे पंच कृष्णवर्णीय होते, मेजर लीगच्या इतिहासात पहिल्यांदा. हे बाबांना होम प्लेटपाशी सांगितलं तेव्हा त्यांनी आपसूक टोपी काढली.

शनिवार, अटलांटा

बर्मिंगहॅमहून दीडशे मैल. गाडीत मी हँक अॅरनची, पुढं होमरनचा विक्रम मोडणाऱ्या खेळाडूची, गोष्ट सांगत होते. १९५२ मध्ये अठरा वर्षांचा अॅरन इंडियनापोलिस क्लाउन्स या काळ्या संघाबरोबर वॉशिंग्टनला गेला. मैदानाजवळच्या एका हॉटेलात सगळे नाश्ता करायला बसले. वाढलं त्यांना. खाऊन उठले आणि मागं स्वयंपाकघरातून बशा फोडल्याचा आवाज यायला लागला. अॅरन पुढं म्हणत असे की त्याच बशांत कुत्री जेवली असती तर त्या धुऊन ठेवल्या असत्या.

बाबा काही बोलले नाहीत. दोनेक मैल गेल्यावर म्हणाले, "पळवणकर बाळूंना मातीच्या कपात चहा देत. पॅव्हिलियनच्या बाहेर."

ही गोष्ट मला माहीत होती, पण बाबांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. दलित समाजातले बाळू पळवणकर पुणे क्लबमध्ये खेळपट्टीची देखभाल करत, महिना चार रुपयांवर, आणि तिथल्या इंग्रजांना नेटमध्ये चेंडू टाकता टाकता देशातले सर्वोत्तम डावखुरे फिरकी गोलंदाज झाले. १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघानं युरोपियनांना हरवलं ते त्यांच्या जोरावर. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी १०० हून जास्त बळी घेतले. चेंडू सगळे तोच हाताळत होते, कप मात्र वेगळा, वापरून फेकून द्यायचा. कर्णधारपद त्यांना कधी दिलं नाही. १९२३ मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. "आम्ही क्लबात बाळूंचे बळी सांगायचो," बाबा म्हणाले, "कपाबद्दल कुणी बोलत नसे. मलाही कुणी शिकवलं नाही, आणि मी पोरांना शिकवताना सांगितलं नाही." त्यापुढं अटलांटा येईपर्यंत आम्ही फारसं बोललो नाही.

क्रॅकर्सचं जुनं मैदान, पॉन्स डी लिऑन पार्क, त्याच्या जागी आता दुकानं आहेत. पण मैदानाच्या सीमेच्या आत होतं ते मॅग्नोलियाचं झाड दुकानांच्या मागं अजून आहे, भलंथोरलं, गडद पानांचं. बाजूनं सायकलवाले जात होते. एप्रिल १९४९ मध्ये डॉजर्स इथं क्रॅकर्सविरुद्ध तीन सराव सामने खेळले. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या संघटनेच्या जॉर्जियातल्या म्होरक्यानं धमकी दिली होती. रॉबिन्सन आणि कॅम्पानेला दोघेही खेळले. रविवारी २५ हजारांहून अधिक माणसं आली, निम्म्याहून जास्त काळी, बैठका भरल्या तेव्हा आउटफिल्डच्या कडेला उभी राहिली. रॉबिन्सनचा जन्म याच जॉर्जियातला, कैरो गावचा, शेतमजुराच्या घरातला.

अॅरन साउथव्ह्यू स्मशानभूमीत आहे, तिथंही गेलो. महापालिकेच्या दफनभूमीत काळ्यांना मागच्या फाटकानं जावं लागे, म्हणून १८८६ मध्ये काळ्या नागरिकांनी ही जागा स्वतः घेतली. १९७३ मध्ये, बेब रूथचा ७१४ होमरनचा विक्रम जवळ आला तेव्हा, अॅरनला वर्षभरात नऊ लाखांवर पत्रं आली. त्यात चाहत्यांची पुष्कळ होती, आणि जिवे मारण्याच्या धमक्याही. ८ एप्रिल १९७४ ला त्यानं ७१५ वा मारला. त्या पत्रांतली बरीचशी त्यानं आयुष्यभर जपून ठेवली होती. मला वाटतं ते योग्यच केलं.

रविवार, अटलांटा

अटलांटाच्या मेजर लीग संघाचं, ब्रेव्हजचं, आताचं मैदान शहराबाहेर कॉब काउंटीत आहे. दुपारचा सामना. आत अॅरनचा पुतळा आहे, त्यापुढं फोटोसाठी रांग. बाबांनी आठवडाभरात खेळ बराचसा आत्मसात केला होता. तिसऱ्या इनिंगला स्ट्राइक झोनवरून शेजारच्या माणसाशी त्यांची चर्चा सुरू झाली आणि दोघेही खुश होते.

पाचव्या इनिंगला ते आउटफिल्डकडे बघत म्हणाले, "काळे अमेरिकन खेळाडू फार दिसत नाहीत." खरं आहे. १९८० च्या आसपास मेजर लीगमध्ये ते १८ टक्क्यांवर होते, आता सहा टक्क्यांच्या आसपास आहेत. २०२२ च्या वर्ल्ड सिरीजच्या दोन्ही संघांत अमेरिकेत जन्मलेला एकही काळा खेळाडू नव्हता, १९५० नंतर पहिल्यांदा. डॉमिनिकन, व्हेनेझुएलन, क्यूबन खेळाडू भरपूर आहेत, त्यातले कित्येक काळेच, आणि १९४७ आधी त्यांनाही कुणी घेतलं नसतं. पण शहरातल्या काळ्या वस्त्यांतून हा खेळ आटत गेला. त्यामागं क्लबांचे आणि प्रवासी संघांचे खर्च आहेत, कॉलेजांच्या अपुऱ्या शिष्यवृत्त्या आहेत, बास्केटबॉल-फुटबॉलची ओढ आहे. आणि माझ्या मते त्यात मेम्फिस आणि नेवार्कसारख्या गावांतून आपला म्हणावा असा संघ नाहीसा झाला तेही आहे.

"आणि मॅनेजर?"

रॉबिन्सनचं शेवटचं जाहीर बोलणं याच विषयावर होतं. १५ ऑक्टोबर १९७२, वर्ल्ड सिरीज, सिनसिनाटी. त्याचा गौरव चालू होता, मधुमेहानं दृष्टी जवळजवळ गेली होती. तो म्हणाला की तिसऱ्या बेसच्या प्रशिक्षकाच्या जागेकडे बघताना संघ चालवणारा काळा चेहरा दिसेल तेव्हा मला अधिक आनंद होईल. नऊ दिवसांनी तो वारला. पहिला काळा मॅनेजर, फ्रँक रॉबिन्सन, १९७५ मध्ये क्लीव्हलँडला आला. जनरल मॅनेजरचं, म्हणजे खेळाडू निवडून करार करण्याचं, काम करणारा पहिला काळा माणूस इथलाच, ब्रेव्हजचा बिल लुकस, १९७६ मध्ये. १९७९ मध्ये तो अकाली गेला आणि त्यानंतर दुसरा यायला १९९३ उजाडलं.

"आणि मालक?" बाबांनी विचारलं.

२०२५ पर्यंत तीस संघांपैकी एकाचीही बहुसंख्य मालकी कृष्णवर्णीय माणसाकडे नव्हती. मी मंगळवारपासूनची नावं त्यांना पुन्हा सांगितली: रूब फॉस्टर, एफा मॅनली, मेम्फिसचे मार्टिन बंधू. बाबांनी खिशातून सामन्याचं कार्ड काढलं, मागच्या कोऱ्या बाजूवर ती नावं देवनागरीत लिहून घेतली आणि मॅनलीबाईंच्या नावाचं स्पेलिंग विचारलं, पुण्याला गेल्यावर क्लबातल्या पोरांना सांगताना चुकायला नको म्हणून. त्याखाली त्यांनी बाळू पळवणकर लिहिलं, आणि पुढं 'कप'.